छोट्या दादांच्या पेटीतला केरिस

तारापूरच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. ती छोट्या दादांची. छोटे दादा म्हणजे आमच्या दादांचे धाकटे भाऊ. उमेदीची सारी वर्षे त्यांनी जहाजावर खलाशी म्हणून काढली आणि म्हातारपणी गावी परतले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांच्या माघारी ती पेटी कुणी उघडली नव्हती. घराची कौले बदलायची ठरली तेव्हा आम्ही भावंडांनी ती खाली उतरवली. आत दोन लोकरी बंड्या, एक फुटका आरसा, जहाजाच्या कामाचे काही कागद आणि तळाशी चौकड्याच्या लुंगीत गुंडाळलेले एक हत्यार निघाले.

पाते हातभरही नव्हते. नागासारखे वळणावळणाचे, मुठीजवळ एका बाजूला पसरलेले. मूठ लाकडाची, पुढे वाकलेली. म्यानही लाकडी, आणि त्याच्या तोंडाशी होडीसारखा आडवा तुकडा. पात्याचा रंग काळपट होता आणि त्यावर पांढरट ठिपके पसरले होते. लुंगीच्या घडीत एक कागद होता. त्यावर उर्दूत चार-पाच ओळी, निम्म्या वाळवीने खाल्लेल्या.

त्या दिवशी आम्ही दोन चुका केल्या. कागद वाचता येत नाही म्हणून तो केराबरोबर टाकला. आणि पाते गंजले आहे असे समजून ते आधी व्हिनेगरने आणि मग पॉलिश पेपरने घासले. तासाभरात पाते चकचकीत झाले. आम्ही खूश झालो. आपण काय घालवले हे कळायला पुढे सहा महिने लागले.

घरात मात्र त्याच संध्याकाळी वाद सुरू झाला. फुप्पी म्हणाल्या, "असल्या वस्तूंबरोबर काहीबाही येते. मगरिबच्या आधी खाडीत सोडून या." शेजारच्या एका बाईंना उलट ते हवे होते. त्यांचा नातू रात्री दचकून उठायचा, त्याच्या उशाखाली ठेवायला. आणि थोरले भाऊ हळू आवाजात म्हणाले, "दिवस कसे आहेत ते बघा. आपल्या घरात तलवारीसारखी वस्तू सापडली असे कुणी सांगत सुटले तर कुणाकुणाला समजावणार?"

एकाला त्याची भीती, दुसऱ्याला त्याच्याकडून आशा, तिसऱ्याला लोकांची धास्ती. आणि ती वस्तू काय आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही ठरवले, आधी तिची ओळख करून घेऊ. ठेवायची की सोडायची, ते मग बघू.

हत्यार की दागिना?

त्याचे नाव केरिस. इंग्रजी पुस्तकांत त्याला क्रिस म्हणतात. इंडोनेशिया, मलेशिया, दक्षिण थायलंड या भागांत ते शेकडो वर्षे वापरात आहे आणि त्याचे मूळ घर जावा बेट. केरिस म्हणजे तलवार नव्हे, तो खंजिराचा प्रकार. वार करण्यासाठी नाही, तर भोसकण्यासाठी बनलेला. पण हत्यारापेक्षा माणसाची पत आणि घराण्याची निशाणी म्हणूनच तो जास्त वागवला गेला. जावामध्ये आजही नवरदेव लग्नाच्या पोशाखात पाठीमागे कमरपट्ट्यात केरिस खोचतो. मलेशियाचे नवे राजे गादीवर येतात तेव्हा समारंभात राजघराण्याचा केरिस म्यानातून काढून त्याचे चुंबन घेतात. युनेस्कोने 2005 मध्ये इंडोनेशियाच्या केरिसला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान जाहीर केला आणि 2008 मध्ये तो वारशाच्या यादीत आला.

पात्याच्या प्रत्येक वळणाला जावात 'लुक' म्हणतात. वळणे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मोजायची आणि त्यांची संख्या नेहमी विषम येते: तीन, पाच, सात, नऊ, पुढे तेरा किंवा जास्तही. सम आली तर समजावे, एखादे वळण नजरेतून सुटले. आमच्या पात्याची आम्ही पहिल्यांदा आठ मोजली होती. नीट मोजल्यावर नऊ भरली. सगळेच केरिस वळणाचे असतात असेही नाही, सरळ पात्याचेही पुष्कळ आहेत. खरी खूण आहे ती पात्याच्या बुडाशी. तिथे ते एका बाजूला जास्त रुंद असते आणि त्याखाली बहुधा वेगळा घडवलेला एक आडवा तुकडा बसवलेला असतो. त्याला 'गंजा' म्हणतात. आपल्याकडच्या गंजाशी त्याचा काही संबंध नाही, पण आमच्या घरात या नावावरून हसू फुटलेच.

आम्ही काय घासून टाकले

केरिस घडवणाऱ्या लोहाराला जावात 'एम्पू' म्हणतात. तो साधे लोखंड आणि निकेल असलेले लोखंड यांचे थर एकावर एक ठेवून तापवतो, ठोकतो, दुमडतो आणि पुन्हा ठोकतो. मधे पोलादाचा गाभा असतो, धार त्याची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मध्य जावात प्रम्बानान इथे सापडलेल्या उल्केचे निकेलयुक्त लोखंड सुराकार्ताच्या राजवाड्यात नेऊन त्यातूनही केरिस घडवले गेले. पाते तयार झाले की ते सोमल आणि लिंबाच्या रसाने धुतात. त्याने साधे लोखंड काळे पडते आणि निकेलचे थर चांदीसारखे उजळ राहतात. काळ्यावर उमटलेल्या या पांढऱ्या नक्षीला 'पामोर' म्हणतात.

पामोरची नावे घरगुती आहेत. एकाचा अर्थ सोन्याचा पाऊस. ठिपक्यांच्या एका पामोरचे नाव 'वोस वुताह', म्हणजे सांडलेले तांदूळ. छोट्या दादांच्या केरिसवर ज्याला आम्ही गंज समजलो ते हेच सांडलेले तांदूळ होते. पॉलिश पेपरने आम्ही ते पुसून टाकले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हत्यारांचे दालन आहे. तिथे अकबर बादशहाचे चिलखत आणि ढाल पाहायला मिळते. बोईसरहून चर्चगेटची लोकल पकडून आम्ही सारे घर ते पाहून आलो. हिंदुस्थानी फौलादी तलवारीच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसते तिला आपल्याकडे 'जौहर' म्हणत आले आहेत. जौहर आणि पामोर दिसायला जवळचे, पण जात वेगळी. जौहर हा वितळवलेल्या फौलादाच्या पोटातून येतो, पामोर हा थर जोडणाऱ्या लोहाराच्या हातून. दोन्हींना एकच गोष्ट मारते: अडाणी हाताने केलेली साफसफाई.

एका कागदाची किंमत

दुसरी चूक कागदाची. ती किती मोठी होती हे एका खऱ्या घटनेवरून आम्हाला उमगले.

जावाचे शहजादे दिपोनेगोरो यांनी 1825 ते 1830 अशी पाच वर्षे डच सत्तेशी लढाई दिली. धर्मनिष्ठ मुसलमान म्हणून त्यांची ख्याती होती आणि अनेक उलमा त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1830 मध्ये वाटाघाटीला बोलावून डचांनी त्यांना कैद केले. त्यांचा एक केरिस हॉलंडच्या राजाकडे पोचला आणि पुढे लायडेनच्या संग्रहालयात गेला. तिथे इतर केरिसांच्या गर्दीत तो कोणता हेच लोक विसरले. शेवटी जुनी कागदपत्रे चाळून संशोधकांनी तो हुडकला. त्यात राडेन सालेह या जावाच्या नामवंत चित्रकाराने लिहिलेली एक टीपही होती. मार्च 2020 मध्ये नेदरलँड्सने तो केरिस इंडोनेशियाला परत केला. तो नेमका तोच आहे का, याबद्दल काही जाणकारांनी तेव्हाही शंका घेतली.

राजाच्या संग्रहातल्या, एवढ्या मोठ्या माणसाच्या केरिसची ही गत. कागद वस्तूपासून सुटला की वस्तू मुकी होते. मग आमच्या खलाशी आजोबांच्या केरिसची काय कथा!

तारापूर ते मलाक्का

हा केरिस तारापूरला आला हे ऐकून लोक नवल करतात. पण आपला किनारा काही कोपऱ्यातला नव्हे. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी. तिथे राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले आहेत. त्यातला एक शके 848, म्हणजे इसवी सन 926 चा. त्यात लिहिले आहे की संजाणच्या परिसराचा कारभार राष्ट्रकूट राजाने 'मधुमती' नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. हे नाव मुहम्मदचे संस्कृत रूप असावे असे अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली आणि वाटसरूंसाठी मोफत जेवणाची सोय केली, असेही त्यात नोंदले आहे. अकराशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर एका मुसलमान अधिकाऱ्याचे नाव निघते ते भाताच्या पंगतीसाठी, हे वाचून आम्हाला बरे वाटले.

पुढच्या शतकांत गुजरात आणि मलाक्का यांच्यात जहाजांची सतत ये-जा असे. जावातल्या ग्रेसिक इथे मौलाना मलिक इब्राहीम यांची कबर आहे, वफात 1419. त्या कबरीचा कोरीव संगमरवर खंबायतचा, म्हणजे आपल्या उत्तरेला समुद्रमार्गे फार लांब नसलेल्या बंदराचा. पोर्तुगीजांनी 1511 मध्ये मलाक्का घेतले, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे आली, आणि तारापूरचा किल्लाही त्यांच्याच हातात होता. तो 1739 च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने जिंकला. आगबोटी आल्यावर कोकणी मुसलमान खलाशी याच पाण्यातून सिंगापूर-पिनांगला जाऊ लागले. छोटे दादा त्यांच्यातलेच एक.

घेण्याआधी शिकावे

एका केरिसने आम्हाला नाद लावला. चित्रे पाहून आम्ही नावे शिकलो. बोर्निओच्या दायाक लोकांची मंडाऊ: तिचे पाते एका अंगाने फुगीर, दुसऱ्या अंगाने खोलगट. ब्रह्मदेश आणि थायलंडकडची धा: किंचित वाकलेली, हाताला आडोसा नसलेली. फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मुसलमान मोरो लोकांची लांब कम्पिलान आणि पानाच्या आकाराचा बारोंग. त्यांचाही क्रिस असतो, पण तो मोठा, रुंद आणि तलवारीसारखा वार करायचा. आचेहचा रेन्चोंग: त्याचा आकार बिस्मिल्लाहच्या अक्षरांवरून घेतला आहे, असे आचेहचे लोक अभिमानाने सांगतात.

एवढे कळल्यावर आपण संग्राहक झालो असे आम्हाला वाटले. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात एक केरिस दिसला. 'पाचशे वर्षांचा, राजघराण्यातला' असे सांगितले गेले. भाव ऐकून घाम फुटला, तरी बयाणा द्यायला हात खिशात गेलाच होता. धाकट्या बहिणीने तो निरखला आणि म्हणाली, "भाईजान, याची वळणे दहा आहेत." पुन्हा मोजली, दहाच. मग नीट पाहिले. नक्षी पात्याच्या वळणाबरोबर वाहत नव्हती, वरून तेजाबाने उठवल्यासारखी एकसारखी होती. गंजा वेगळा नव्हता, नुसती रेघ कोरलेली. आम्ही शुक्रिया म्हणून बाहेर पडलो.

त्या दिवशी एक नियम केला: जी वस्तू आपल्याला वाचता येत नाही ती विकत घ्यायची नाही. आजही आमच्याकडे केरिस एकच आहे. वही मात्र तिसरी चालू आहे.

जिन्न, बरकत आणि ईमान

आता फुप्पींच्या भीतीकडे येऊ. जावामध्येही अनेक लोक केरिसमध्ये आत्मा असतो असे मानत आले. सुल्तान अगुंग यांनी 1633 मध्ये जावाच्या पंचांगाला हिजरी महिन्यांची जोड दिली, तेव्हापासून मुहर्रमला तिथे 'सुरो' म्हणतात. त्या महिन्यात घरोघरचे आणि राजवाड्यातले केरिस धुऊन काढायची प्रथा आहे. तिथल्या मुसलमानांतही यावर दोन मते आहेत. कुणी त्यात जुन्या काळच्या समजुती पाहतात, कुणी तिला वारसा जपायची रीत मानतात.

केरिस इस्लामच्या आधीचा आहे, हे खरे. पंधराव्या शतकातल्या सुकुह मंदिराच्या शिल्पात भीम केरिस घडवताना आणि अर्जुन भाता चालवताना दिसतो. इस्लाम आला तेव्हा लोकांनी केरिस फेकून दिला नाही. त्याला वळण दिले. मुठीवर पूर्वी माणसांच्या, राक्षसांच्या आकृती असत. अनेक ठिकाणी त्या साध्या होत होत नुसता वाक उरला, आणि यामागे इस्लामचा प्रभाव असावा असे मानले जाते. आमच्या केरिसची वाकलेली मूठ त्याच घराण्यातली. लोककथाही बदलल्या. सुनन गिरी या बुजुर्गांवर फौज चालून आली तेव्हा ते लिहीत होते; हातातला कलम त्यांनी टाकला आणि त्याचाच केरिस झाला, असे जावात सांगतात. ही दंतकथा आहे. पण तिच्यात आधी कलम आहे आणि मग पाते, हे आमच्या मुलांना आम्ही मुद्दाम सांगितले.

आमच्यापुरते उत्तर सोपे निघाले. नफा-नुकसान अल्लाहच्या हातात, लोखंडाच्या नाही. कुरआनात लोखंडाच्या नावाची सूरह आहे, अल-हदीद. लोखंडात जोर आहे आणि माणसांसाठी फायदेही, असा तिच्यात उल्लेख येतो, भुताखेताचा नाही. शेजारच्या बाईंना आम्ही केरिस दिला नाही. त्यांच्या नातवाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जायला सोबत गेलो. फुप्पींना पात्याची सारी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणा लोहाराच्या घामाचे आहे म्हणा की. मग राहू दे."

एक अदब मात्र दोन्हीकडे सारखी आढळली. नंगी तलवार दुसऱ्याच्या हातात देऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची ताकीद हदीसमध्ये आहे. जावातही केरिस म्यानासह दिला जातो, घेणारा सावकाश काढून पाहतो आणि टोक कुणाकडे रोखत नाही.

कायद्याची बाजू

थोरल्या भावांची काळजी अंधश्रद्धा नव्हती. तिला उत्तर कायद्यानेच द्यायला हवे होते. शस्त्र अधिनियम 1959 चा आणि त्याखालचे नियम 2016 चे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरकाम, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेली धारदार हत्यारे या नियमांच्या यादीत येतात. ज्या भागासाठी सरकारने कलम 4 ची अधिसूचना काढली असेल तिथे ती नुसती बाळगायलाही परवाना लागतो. परदेशातून मागवणे किंवा धंदा म्हणून विकणे हे परवान्याशिवाय करता येत नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू पुरातन ठरते आणि 1972 च्या कायद्यानुसार खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे हुकूम वेळोवेळी निघतात. म्हणून वरातीत मिरवणे किंवा हातात धरून फोटो टाकणे, दोन्ही वर्ज्य.

आम्ही मापे, फोटो आणि 'ही वारशाने आलेली वस्तू आहे' असा अर्ज करून आपल्या भागात काय लागते ते लेखी विचारले. त्या अर्जाची पोच आज केरिसच्या डब्यातला पहिला कागद आहे. लपवलेल्या वस्तूची भीती वाटते. नोंदलेल्या वस्तूची वाटत नाही.

आता ती कुठे आहे

आमच्याकडची हवा खारी, लोखंडाची वैरी. केरिस आता कोरड्या डब्यात, कुलुपात असतो. दर दोन-तीन महिन्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवतो. खोबरेल नाही, ते चिकट होते. जुन्या पात्यावर सोमलचा अंश असू शकतो, म्हणून हातमोजे घालतो, मुलांना हात लावू देत नाही आणि नंतर साबणाने हात धुतो. पामोर पुन्हा उठवायचा प्रयत्न आम्ही केला नाही. ते घरी करायचे काम नव्हे, आणि एकदा हौस भोवली आहे.

राहिला तो कागद. एके दिवशी दादींजवळ बसून आम्ही चूक कबूल केली. दादी नव्वदीच्या घरात, पण याद पक्की. त्या म्हणाल्या, "त्यात काय लिहिले होते ते मला ठाऊक आहे. वाचून दाखवले होते यांच्या भावाने." मग त्यांनी सांगितले: केरिस विकत घेतलेला नव्हता. पिनांगच्या एका जहाजसोबत्याने दिला होता. तो आजारी पडला तेव्हा छोट्या दादांनी त्याच्या पाळ्या उचलल्या होत्या. त्याचे नाव दादींना आठवेना. एवढे आठवले की ईदच्या दिवशी दिला होता.

वहीत आम्ही हे सारे लिहिले आणि वर लिहिले, 'दादी सांगतात'. पडताळलेली माहिती वेगळ्या पानावर. खाली तारीख घातली आणि दादींची सही घेतली. त्यांनी उर्दूत, थरथरत्या हाताने केली.

वाचक बंधू-भगिनींनो, किनाऱ्यावरच्या कितीतरी मुस्लिम घरांत अशी पेटी असेल. त्यात केरिस नसेल. सुरई असेल, होकायंत्र असेल, एखादी हिशेबाची वही असेल. ती उघडाल तेव्हा पुसू नका, घासू नका, कागद फेकू नका. आधी फोटो काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा. वस्तू थांबेल. सांगणारे माणूस किती दिवस आहे, हे फक्त अल्लाहलाच ठाऊक.